खरोशाचा जांभा

आज पुन्हा लातूर जिल्ह्यातल्या खरोशाला गेलो. औशाहून निलंग्याकडे जाताना काळं रान मागं पडतं आणि तांबड्या जांभ्याची ही बुटकी टेकडी पुढ्यात येते. खाली दख्खनचा काळा कातळ, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याचाच माथा ऊन-पावसात कुजत गेला, मागं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम उरलं, तो हा जांभा. ताजा असताना सहज कापला जातो, हवा लागली की टणक होतो. कारागिरांनी नेमकं हेच हेरलं असणार. सहाव्या शतकाच्या आसपास त्यांनी इथं लेणी कोरली.

मला ही जागा देवांच्या आधी कष्टकऱ्यांची वाटते. छिन्न्यांना धार लावणारे लोहार, डोक्यावरून चुरा वाहणाऱ्या बाया, ठोक्याच्या आवाजावरून भेग ओळखणारा कुणी म्हातारा, हे सगळे इथं असलेच पाहिजेत.

वेरूळच्या बेसाल्टात चेहरे टिकले. इथल्या सच्छिद्र दगडात पाणी मुरत राहिलं, शिल्पांचे नाकडोळे झिजले. म्हणून ही लेणी कमी प्रतीची ठरवणं मला पटत नाही. लातूरच्या शाळांनी सहल वेरूळला जरूर न्यावी, पण त्याआधी पोरांना इथं आणावं, या दगडावर हात फिरवू द्यावा.