काळोखाची किंमत

दूरचित्रवाणी संच विकत घेणे ही गोष्ट एके काळी फार सोपी होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची तीसेक वर्षे घरोघरी एकच तंत्र नांदत होते, ते चित्रनळीचे. नळीच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि काचेच्या आतल्या लेपावर आदळून तो लेप उजळे. निवड करायची ती केवळ आकाराची आणि ऐपतीची. आज दुकानात पाऊल टाकताच एलसीडी, एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी अशी अक्षरे अंगावर येतात आणि जाणत्या माणसाचीही मती गुंग होते.

आमच्या घरातला जुना संच कायमचा बंद पडला, तेव्हा या अक्षरांचा अर्थ लावणे आम्हांस भाग पडले. धाकट्या मुलाला नुकतीच नोकरी लागली होती. पहिल्या काही पगारांतून साठवलेल्या पैशांत घरी ओएलईडीच आणायचा, असा त्याचा हट्ट होता. आजीचे काय, असे आम्ही विचारले, तर तो सहज म्हणाला, "आजीला काय, कोणताही चालेल!" त्याच्या मनात वावगे काही नव्हते, पण ते वाक्य आमच्या मनात रुतून बसले.

थोडी चौकशी केल्यावर ध्यानात आले, की या तंत्रांतला मोठा भेद उजेडापेक्षा काळोखाचा आहे. एलसीडीच्या पडद्यामागे दिवे जळत असतात आणि पुढे द्रवस्फटिकांची सूक्ष्म दारे हवा तेवढाच प्रकाश बाहेर सोडतात. ही दारे पूर्णपणे मिटत नाहीत. म्हणून काळा रंग किंचित करडा दिसतो. बाजारात ज्याला एलईडी म्हणतात तोही एलसीडीच. मागच्या प्रकाशनळ्यांच्या जागी एलईडी दिवे आले, इतकेच. दुकानांत दिसणारे बहुतेक क्यूएलईडी त्याच घराण्यातले; रंग अधिक शुद्ध करणारा अतिसूक्ष्म कणांचा एक थर त्यांत जास्तीचा. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून तिथला काळोख खराखुरा. प्लाझ्माचे बलस्थानही बरेचसे हेच होते. पण वीज अधिक खाणारे ते संच बनवणे बड्या कंपन्यांनी २०१३-१४च्या सुमारास थांबवले.

दुकानातल्या अंधाऱ्या दालनात ओएलईडीचे चित्र पाहून आम्हीही मोहून गेलो. पण आमच्या घरी ते दालन कुठे? आमच्या बैठकीत पश्चिमेची खिडकी आहे आणि दुपारी तिचे ऊन थेट पडद्यावर येते. अशा उजेडात एलसीडीचा प्रखर प्रकाशच उपयोगी पडतो. शिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आमची ८२ वर्षांची आई दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लावून बसते. कोपऱ्यातले तेच बोधचिन्ह, खालची तीच लाल पट्टी. ओएलईडीतले सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतात. एकच आकृती वर्षानुवर्षे तासन् तास दिसत राहिली, तर तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते.

आम्ही मुलाला समोर बसवून हे सारे सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला. मग आपणच दुकानात जाऊन एक चांगला एलसीडी संच ठरवून आला. उरलेल्या पैशांत त्याने एक साउंडबार आणला. कारण सपाट संचांत ध्वनिक्षेपकाला पुरेशी जागा नसते आणि मंदावलेल्या कानांना संवाद नीट ऐकू येत नाहीत. आता आईला शेजारच्या घरापर्यंत पोचेल एवढा आवाज चढवावा लागत नाही.

रात्री चित्रपट पाहताना मुलाला काळोख जरा करडा वाटे. त्यावरही उपाय सापडला. पडद्यामागे भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद दिवा त्याने लावला. त्या उजेडाच्या शेजारी करडाही काळा भासतो आणि डोळ्यांनाही शीण होत नाही. तो दिवा आता रात्री उशिरापर्यंत जळत असतो, आणि पाणी प्यायला उठलेल्या आईला वाट दिसते.