कळंल की फुडं

आमच्या घरात सिनेमाची सुरुवात कुणी पाहिलेलीच नव्हती. अण्णा सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणायचे. पाळी संपवून, अंगावरचं सूत झटकून, मला सायकलवर घेऊन ते टॉकीजला पोचेपर्यंत पडद्यावर कुणीतरी कुणाचा तरी बदला घ्यायला निघालेलं असायचं. बॅटरीवाल्याच्या उजेडात आम्ही पायऱ्या चाचपडायचो. बसल्या बसल्या मी विचारायचो, “हा कोण?” अण्णांचं उत्तर ठरलेलं, “कळंल की फुडं.”

कळायचंही. त्यामुळे मला वाटायचं, सुरुवात म्हणजे नुसती नावं. उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवलेली सवलत.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘फँड्री’ लागला. नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. म्हणून अण्णा हट्टानं आले. अर्थात उशिराच. शेवटी डुकरामागं धावून, गावाचं हसणं सोसून जब्या दगड भिरकावतो. तो थेट आपल्याच अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, “चिडकं हाय पोरगं.”

मलाही तसंच वाटलं होतं.

पुढं ‘सैराट’ आला, २०१६ साली. तो मी मित्रांसोबत पाहिला, वेळेवर. सुरुवातीला क्रिकेटची मॅच, कर्ण्यावरची कॉमेंट्री, नुसता कल्ला. शेवटी लहानग्याची रक्ताळलेली पावलं आणि आवाजच नाही. ती शांतता इतकी का बोचते, याचं उत्तर त्या पहिल्या गोंगाटात होतं. सिनेमा शेवटी आपल्याकडून जे काढून घेणार असतो, ते सुरुवातीलाच आपल्या हातात ठेवतो. आम्ही आयुष्यभर रिकाम्या हातानं शेवट बघत आलो होतो.

परवा मोबाईलवर ‘फँड्री’ लावला. सवयीनं बोट पुढं सरकवायला गेलं. अण्णांनी मनगट धरलं. “पयल्यापासनं लाव.”

मागाच्या खडखडाटानं अण्णांचे कान कधीच गेलेत. शेजारी बसलेला माणूस त्यांना सगळं सांगत बसतो. पण इथं सांगायचं काही नव्हतं. माळरान, बाभळी, हातात गलोल घेतलेला जब्या आणि त्याची नजर काळ्या चिमणीवर. ती चिमणी जाळून राख शालूवर टाकली की शालू आपली होईल, एवढीच त्याची आशा. पुढचा सिनेमा अण्णांना ठाऊक होता. दगड पहिल्यापासून त्याच्या हातात होता, हे मात्र आम्हा दोघांना तेव्हा कळलं. फक्त तेव्हा नेम प्रेमासाठी होता. तो चिमणीवरून आपल्याकडे कुणी वळवला, ते मधल्या सिनेमात आहे.

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

“चिडकं नव्हतं की रे पोरगं.”

तेव्हा सिनेमा सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती.