उसने हसू

दात या विषयाचा आम्ही आजवर कधी गांभीर्याने विचार केला नव्हता. वकिलाचा सारा व्यवहार जिभेशी. दात म्हणजे त्या जिभेचे कुंपण, एवढीच त्यांची आम्हांस ओळख. परंतु गेल्या माघात धाकट्या बहिणीसोबत दंतवैद्याकडे जाण्याचा योग आला आणि या कुंपणासंबंधीचा एक जुना दावा आमच्याच विरुद्ध उभा राहिला.

बहीण तीन वर्षांची असताना तापाने अंथरुणास खिळली होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिला टेट्रासायक्लिन देण्यात आले आणि ती वाचली. या औषधाचा एक धर्म असा, की घडत असलेल्या दातांतील कॅल्शियमशी ते बांधले जाते आणि तेथेच ठाण मांडते. आठ वर्षांखालील मुलांस ते शक्यतो देऊ नये म्हणतात ते यासाठीच. दुधाचे दात पडून नवे आले ते करडे-तपकिरी पट्टे घेऊनच. राखुंडीने घासा की मिठाने, डाग आतला. तो निघावा कसा? आम्ही तेव्हा ११ वर्षांचे. देवळाच्या आवारात सवंगड्यांदेखत आम्ही तिला ‘तपकीरवाली’ म्हटले आणि ते नाव वाड्यावर पसरले. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरू लागली. पुढे हाताची जागा पदराने घेतली.

नवल असे, की आमची आजी दातवण लावून आपले दात मुद्दाम काळे करी. तिच्या लेखी ते सवाष्णीचे लेणे होते. नातीच्या वाट्याला मात्र तोच रंग लज्जा होऊन आला.

लेकीचे लग्न वैशाखात ठरले तेव्हा बहीण म्हणाली, “दादा, एक दिवस तरी पदर न धरता हसेन म्हणते.”

दंतवैद्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला, दाताचे बाहेरील कवच किंचित खरवडून त्यावर चिनी मातीची, सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीची पापडी कायमची चिकटवावयाची. डाग गडद असल्यास खरवडणेही अधिक. आणि ते कवच एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. दुसरा मार्ग, दातांस हात न लावता वरून बसवावयाचे व हवे तेव्हा काढावयाचे पातळ आवरण. चिनी माती ठिसूळ, म्हणून असे काढते आवरण हल्ली बहुधा रेझिनचे करतात. आमच्या भाषेत बोलावयाचे तर पहिले खरेदीखत, दुसरा भाडेपट्टा.

गंमत अशी, की या विद्येचा आरंभच भाडेपट्ट्याने झाला. १९२८ च्या सुमारास हॉलिवूडमधील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने नटनट्यांसाठी असे दर्शनी दात घडविले. कवळीच्या चिकट भुकटीने ते दातांवर बसवीत आणि चित्रीकरण संपले की उतरवीत. शर्ली टेंपल या बालनटीचे दुधाचे दात पडू लागले, तेव्हा तिच्या हसण्यातील खिंडारे अशाच दातांनी बुजविली जात. पुढे १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाताचे कवच आम्लाने खरखरीत करून त्यावर पदार्थ घट्ट चिकटविण्याची युक्ती दाखविली. १९८० नंतरच्या दशकात चिनी मातीच्या पापडीलाही तसाच आम्लसंस्कार होऊ लागला आणि उसना दात कायमचा रहिवासी झाला.

आम्ही खरेदीखताचा आग्रह धरला. “खर्चाचे आम्ही पाहू,” असेही म्हणालो. अपराधी मनुष्य दंड भरावयास किती उतावीळ असतो, हे न्यायालयात आम्ही नित्य पाहतो. त्या दिवशी स्वतःत पाहिले. बहिणीने शांतपणे नकार दिला. “ज्या औषधाने मी जगले त्याची ही खूण. ती खरवडून कशाला काढू? एका दिवसापुरते झाकले तर पुष्कळ झाले.”

उत्सवात पिंडीवर मुखवटा चढतो तो पाषाण लपविण्यासाठी नव्हे. उत्सव सरला की मुखवटा उतरतो आणि पूजा त्याच पाषाणाची चालू राहते. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्याचा अर्थ एखाद्या मनुष्यास लावून पाहिला नव्हता.

लग्न देवळातच झाले. छायाचित्रांत बहीण शुभ्र हसली. पुढे अग्रशाळेत पंगत बसली तेव्हा तिने ते आवरण काढून डबीत ठेवले. विहीणबाई काहीतरी बोलल्या आणि ती खळखळून हसली, करड्या दातांनी. हात पदराकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा पानावर आला.

रात्री आम्ही तिला ते जुने नाव आठवते का म्हणून विचारले. “आठवते तर!” ती म्हणाली, “तूच ठेवलेलेस.” कायद्याच्या दृष्टीने त्या दाव्याची मुदत केव्हाच संपली होती. तरी आम्ही कबुली दिली आणि क्षमा मागितली. ती पुष्कळ वर्षे आधी मागावयास हवी होती.