घरी केलेलं कार्बन फायबरचं पॅनेल

बाबांची ऐंशीच्या दशकातली टू-स्ट्रोक मोटारसायकल मी अजून वापरते. तिचं डावं साईड पॅनेल तडकून त्याचे तुकडे झाले. कंपनीचा माल आता येत नाही. बाजारात डुप्लिकेट मिळतं, पण त्याच्या मागच्या खुंट्या फ्रेमच्या रबरात घट्ट बसत नाहीत. गाडी खड्ड्यात आपटली की पॅनेल निसटतं. म्हणून ते घरीच करायचं ठरवलं. फायबर ग्लासमध्येही झालं असतं, आणि बरंच स्वस्तात. खरं सांगायचं तर कार्बन मला हाताळून बघायचं होतं.

कार्बनचं कापड महाग असतं, त्यामुळे सगळं लक्ष त्याच्याकडेच जातं. पण मेहनत साच्याची आहे. साच्यावर जो ओरखडा असेल तो भागावर जसाच्या तसा उमटतो. माझा बहुतेक वेळ कार्बनला हात लावायच्या आधीच गेला.

पॅनेलचे तुकडे एम-सीलने जोडले. खुंट्या कापून बाजूला ठेवल्या. दाबल्यावर पॅनेल लवू नये म्हणून मागून प्लास्टर भरलं. पुढून लांबी लावली, घासली, प्राइमर मारला. मग 400 पासून 1500 पर्यंतचे वॉटर पेपर क्रमाने वापरले. नुसत्या डोळ्याने गुळगुळीत दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. ट्यूबलाइटखाली तिरपं धरून बघा, सगळे खळगे दिसतात.

आमच्या कोल्हापुरात फाउंड्र्या पुष्कळ आहेत. शेजारचे काका उद्यमनगरात आयुष्यभर ओतकामाचे लाकडी पॅटर्न करायचे. त्यांना पॅनेल दाखवलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोरी, ही कड आत वळलीय. एका तुकड्यात साचा केलास तर माल सुटणार नाही. आधी सुटायचं कसं ते बघ, मग साचा कर." कडा सरळ उभ्या होत्या तिथे लांबीने दोन-तीन डिग्रीचा टेपर द्यायलाही त्यांनीच सांगितलं. त्यांनी हे सांगितलं नसतं तर माझं पॅनेल साच्यातच अडकलं असतं.

म्हणून साचा दोन तुकड्यांचा केला. जोड जिथे यायचा तिथे प्लायवूडची आडवी भिंत उभी केली आणि फटी मुलांच्या खेळायच्या क्लेने भरल्या. सगळ्यावर वॅक्सचे हात दिले. प्रत्येक हात वाळू द्यायचा, कापडाने चमकवायचा, मगच पुढचा. त्यावर पीव्हीए लावलं. त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि पुढे तोच आपल्याला वाचवतो.

साच्यासाठी पॉलिएस्टर रेझीन, जेलकोट (साच्याचा वरचा गुळगुळीत थर) आणि काचेची मॅट घेतली. एक गोष्ट कळकळीने सांगते. रेझीन सुकवायला लागणारे कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच कॅटॅलिस्ट घालायचं. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझीनही मिळतं. घरी काम करणाऱ्याने तेच घ्यावं.

जेलकोट बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका सुकला की पहिली पातळ मॅट बसवली. जाड थर एकाच वेळी चढवले नाहीत. पॉलिएस्टर सुकताना तापतं आणि आकसतं, घाईने साचा वाकडा होतो. पहिला भाग झाल्यावर प्लायवूड काढलं, कडेला पुन्हा वॅक्स आणि पीव्हीए लावलं आणि दुसरा भाग केला. दोन्ही भाग वेगळे करायच्या आधीच बोल्टची भोकं पाडली, म्हणजे नंतर जुळवताना फरक पडत नाही.

साचा उघडताना हात थरथरत होते. प्लास्टिकच्या पाचरी ठोकूनही तो हलेना. मग फटीत कोमट पाणी सोडलं. पीव्हीए पाण्यात विरघळतं. थोडा वेळ थांबले आणि कट्ट असा आवाज आला. स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह झाला होता, तो आवरला हे बरं झालं.

कार्बनचं काम जुलैत सुरू केलं. कापड 200 ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, ट्विल विणीचं. साधी वीण वळणावर नीट बसत नाही, ट्विल बसते. कापताना धागे सुटतात, म्हणून कापायच्या रेघेवर आधी मास्किंग टेप लावायचा. वर-खाली कार्बन आणि मध्ये काचेच्या कापडाचे दोन थर असा बेत होता. माझ्या इपॉक्सीच्या डब्यावर 100 भाग रेझीनला 30 भाग हार्डनर असं वजनाचं प्रमाण होतं. ते डिजिटल काट्यावर मोजायचं. चमच्याने किंवा अंदाजाने नाही, कारण वजनाचं प्रमाण आणि मापाचं प्रमाण वेगळं असतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातल्याने काही होत नाही, उलट भाग मऊ राहतो.

पहिलं पॅनेल बिघडलं. समोरून छान, पण मागची बाजू तेलकट, पांढरट आणि चिकट. त्यावर खुंट्या चिकटवल्या त्या हाताने निघाल्या. हा पावसाचा प्रताप होता. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांची हार्डनरशी प्रक्रिया होते आणि वर मेणासारखा थर येतो. तो नुसता घासला तर पसरतो. आधी कोमट पाण्याने आणि स्क्रबरने धुवायचा, मग घासायचा. कोपऱ्यांमध्येही पोकळ्या राहिल्या होत्या, कारण कापड कोपऱ्यात न शिरता वरून ताणलं गेलं होतं. एवढं महाग कापड वाया गेलं म्हणून त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला मी प्लायवूडची पेटी केली आणि आत जुने पिवळे बल्ब लावले, अंड्यातून पिल्लं काढायची पेटी असते तशी. आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं. कापड आणि साचा आधी त्यात गरम करून घेतले. कोपऱ्यांत रेझीनमध्ये भिजवलेले कार्बनचे तुटके धागे दाबून बसवले आणि मगच कापड घातलं.

व्हॅक्यूमसाठी भंगारवाल्याकडून फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर आणला. कापडावर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), त्यावर भोकं पाडलेलं प्लास्टिक, मग जादा रेझीन शोषायला गादीतला पॉलिएस्टरचा थर आणि शेवटी पिशवी. साचा संपूर्ण पिशवीच्या आत घातला. मध्ये एक बाटली जोडली, म्हणजे रेझीन कॉम्प्रेसरमध्ये जात नाही. हवा काढली की दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या जवळपास दाब येतो. एवढ्याशा पॅनेलवर तो काही शे किलो होतो. फूस असा बारीक आवाज आला तर कुठेतरी गळती आहे. कान लावून ती शोधायची आणि टेप दाबायचा. पील प्लाय सोलल्यावर मागची बाजू कोरडी आणि खरखरीत निघाली, खुंट्या चिकटवायला अगदी योग्य.

मदतीला चुलतभाऊ होता. त्याला हातमोजे नकोसे वाटायचे. थोड्या दिवसांनी म्हणाला, "ताई, हात फार खाजतोय." मनगटापर्यंत पुरळ आलं होतं. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही. तो आता या कामाला हात लावू शकत नाही, याचं मला वाईट वाटतं. नायट्राइलचे मोजे घाला. अंगाला रेझीन लागलं तर थिनरने पुसू नका, साबणाने धुवा. थिनर ते कातडीत आणखी आत नेतं.

कडा अंगणात, पाणी मारत, मास्क लावून कापल्या. कार्बनची धूळ वीज वाहते. ती कॉम्प्युटर किंवा स्विचबोर्डजवळ उडू देऊ नका.

जुन्या खुंट्या इपॉक्सीने चिकटवल्या. पॅनेल पेटीत हळूहळू 60 डिग्रीपर्यंत नेऊन काही तास ठेवलं, कारण काळा भाग उन्हात फार तापतो आणि कच्चं इपॉक्सी मऊ पडतं. इपॉक्सी उन्हाने पिवळंही होतं, म्हणून गाड्या रंगवणाऱ्याकडून वरून क्लिअर लॅकर मारून घेतलं. खुंट्या रबरात घट्ट बसल्या. गाडी राधानगरीच्या रस्त्याने नेऊन आणली, पॅनेल जागचं हललं नाही.

साचा अजून चांगला आहे. याच मॉडेलची गाडी असलेल्या ओळखीच्या दोघांनी पॅनेल मागितलंय. त्यांना पाऊस संपेपर्यंत थांबायला सांगितलंय.