टेबल कोणी धरलंय?

चाकणच्या त्या कारखान्यात मी ईआरपीचा सपोर्ट बघायचो तेव्हा जीएसटी यायचा होता. एक्साइजचं इनव्हॉइस छापून हातात आल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडायची नाही, आणि महिनाअखेरीला तर डिस्पॅचला मान वर करायला फुरसत नसायची. अशाच एका दुपारी सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच संदेश यायला लागला: जी/एल एन्ट्री हे टेबल दुसऱ्या कोणीतरी लॉक केलंय, थोड्या वेळाने प्रयत्न करा. तो थोडा वेळ काही संपेना. गेटवर भरलेल्या गाड्या, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळतायत, आणि डिस्पॅचचे सुपरवायझर माझ्या डोक्यावर उभे. "साहेब, सर्व्हर रीस्टार्ट मारा ना एकदा."

रीस्टार्ट हा आपल्याकडचा रामबाण. लागूही पडतो, म्हणून तर सवय जात नाही. पण त्यात कोणाचं काम अडवत होतं याचा मागमूसच पुसला जातो, वर ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांचं पाण्यात जातं ते वेगळंच. मी नाही म्हटलं. सुपरवायझरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

वर डायनॅमिक्स नॅव २००९ आणि खाली एसक्यूएल सर्व्हर, अशी तिथली मांडणी होती. नॅवमध्ये विक्री असो की खरेदी, पैशाची नोंद शेवटी १७ नंबरच्या टेबलात, म्हणजे जी/एल एन्ट्रीत येऊन पडते. तिथला क्रमांक डेटाबेस आपोआप देत नाही. प्रोग्राम लॉक मागतो, शेवटची नोंद वाचतो आणि तिच्या क्रमांकात एक मिळवतो. पोस्टिंग मध्येच फसलं तरी क्रमांकात खाडा पडत नाही, हा त्यातला फायदा. म्हणजे अख्खं टेबल कोणी बंद करत नाही, अडते ती शेवटची ओळ. पण नवीन क्रमांक हवा असलेल्या प्रत्येकाला तीच ओळ लागते, त्यामुळे एकाने धरली की बाकीचे रांगेत. पोस्टिंग दोन-चार सेकंदांत उरकतं तोवर कोणाला पत्ताही लागत नाही. एसक्यूएल सर्व्हर एरवी लॉकसाठी कितीही वेळ थांबायला तयार असतो. नॅवमध्ये मात्र १० सेकंदांची मुदत लावलेली होती, ती संपली की हा संदेश.

कोण कोणावर अडलंय ते दाखवणारं 'एसपी_हू२' चालवलं. 'ब्लॉक्ड बाय'च्या रकान्यात साखळी दिसली. डिस्पॅचचं सेशन स्टोअर्सच्या सेशनवर अडलेलं, स्टोअर्सचं आणखी कोणावर, आणि टोकाला असं एक सेशन, जे स्वतः कोणावरच अडलेलं नव्हतं. त्याचं स्टेटस 'स्लीपिंग', कमांडच्या जागी 'अवेटिंग कमांड'. नवीन माणूस इथे हमखास चकतो. सर्व्हर अडलाय म्हणजे कोणीतरी जोरात काहीतरी चालवत असणार, असं धरून तो सीपीयू खाणारं सेशन शोधत बसतो. ट्रान्झॅक्शन उघडं टाकून झोपलेलं सेशन काही खात नाही. नुसतं धरून बसतं.

होस्टनेमवरून कॉम्प्युटर अकाउंट्समधला निघाला. जागेवरून 'किल' मारता आलं असतं, पण मला ती स्क्रीन बघायची होती.

"मॅडम, नॅवमध्ये काही पोस्ट करताय का?"

"छे हो! मी कधीची एक्सेलमध्ये टीडीएस जुळवतेय. तुमचं नॅव कुठे चालतंय आज?"

एक्सेलची खिडकी खाली करायला सांगितली. मागे एक छोटीशी चौकट गुपचूप उभी होती: वाहतुकीचा दर ऑर्डरपेक्षा वेगळा आहे, पुढे जायचं का? येस, नो.

"अगंबाई, हे कधी आलं?" मॅडम काम चोख करणाऱ्या, लगेच कपाटाकडे वळल्या. "थांबा हं, ऑर्डरची फाइल काढते."

"मॅडम, फाइल सावकाश काढा. आधी 'नो' दाबा."

'नो' दाबताच त्यांचं बिल रोलबॅक झालं. मी डिस्पॅचला पोहोचेपर्यंत प्रिंटर घरघरायला लागला होता.

तो प्रश्न आधीच्या व्हेंडरने खरेदी पोस्ट करणाऱ्या कोडयुनिट ९० मध्ये, खरेदीच्या ओळी पोस्ट झाल्यानंतर आणि कमिट व्हायच्या आधी, घातला होता. प्रश्न रास्तच होता. जादा दराची बिलं पास होऊ नयेत ही व्यवस्थापनाचीच मागणी. पण उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये माणसाला प्रश्न विचारायचा म्हणजे लॉक त्याच्या मर्जीवर सोडायचं. माणूस जेवायला जातो, फोनवर बोलत बसतो. मी त्याच ओळी उचलून पोस्टिंगच्या सुरुवातीला, पहिली नोंद लिहिली जाण्याआधी नेऊन ठेवल्या. अकाउंट्समध्ये कोणाला फरकही जाणवला नाही.

पुढच्या तिमाहीत पुन्हा तोच संदेश आला. या वेळी कोणी झोपलेलं नव्हतं. कॉस्टिंगवाले भर दुपारी मालाची किंमत नव्याने जुळवणारा 'ॲडजस्ट कॉस्ट'चा जॉब चालवत होते, कारण साहेबांना संध्याकाळच्या मीटिंगला मार्जिन हवं असायचं. रात्री चालवा म्हटलं तर तिसऱ्या शिफ्टचं डिस्पॅच आडवं आलं. त्यांच्या गाड्याही वेळेवरच सुटायला हव्यात. बरीच वादावादी झाल्यावर आयटम कॅटेगरीनुसार त्या जॉबचे तुकडे पाडले, आणि तिसरी शिफ्ट जेवायला उठते त्या वेळेला एकेक तुकडा लावून दिला. कॉस्टिंगवाल्यांना आदल्या रात्रीच्या आकड्यांवर भागवावं लागलं. त्यांची कुरकुर मी तिथे असेपर्यंत चालूच होती.