खालाची हळद आणि माझी अर्धी बातमी

घरात कोणताही कागद आला की तो माझ्याकडे येतो. वीजबिल असो, बँकेची नोटीस असो, नाहीतर औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी. मी शिक्षिका, उर्दू आणि मराठी दोन्ही वाचते, म्हणून मोहल्ल्यात हे काम माझ्याच वाट्याला आले आहे. ती बातमीसुद्धा खालाला मीच वाचून दाखवली होती.

शबे बरातचा हलवा द्यायला मी खालाच्या घरी गेले होते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हळदीवर मजकूर होता. हळदीतले कर्क्युमिन नावाचे द्रव्य स्तनाच्या कर्करोगाला अटकाव करते, असे अमेरिकेतल्या प्रयोगात दिसले, अशी सुरुवात होती. मी पहिल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. तेवढ्यात मगरिबची अजान झाली आणि आम्ही उठलो. पुढचे राहून गेले. खालाने तो कागद घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला.

तेव्हा मला ठाऊक नव्हते की खालाच्या डाव्या स्तनात चिंचोक्याएवढी गाठ होती. आंघोळ करताना ती हाताला लागली होती आणि खालाने कुणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ हळदीचे दूध पिऊ लागली. पुढे बाजारातल्या एका विक्रेत्याकडून हळद आणि कलौंजीच्या कॅप्सूलही आणल्या. रमजान गेला, बकरी ईद गेली. मोहरममध्ये तिचा हात वर होईना, तेव्हा कुठे सुनेच्या लक्षात आले.

मी धावत गेले आणि रागावले. खालाने शांतपणे डब्याखालचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "औषध चालू आहे ना माझं! तूच तर वाचलं होतंस बेटा."

त्या रात्री मी ती बातमी शेवटपर्यंत वाचली. मग त्या विषयावर मिळेल ते वाचत गेले. हा प्रयोग केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठात डॉ. रमेश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. उंदरांच्या एका गटाला त्यांनी कर्क्युमिन खाण्यातून दिले. दुसऱ्या गटाच्या कातडीखाली कर्क्युमिन मिसळलेल्या पॉलिमरच्या बारीक कांड्या बसवल्या. पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, पण हा शरीरात हळूहळू विरून जाणारा. कांड्या बसवलेल्या उंदरांमध्ये गाठी कमी झाल्या. ज्यांनी कर्क्युमिन खाल्ले, त्यांच्यात असा फायदा दिसला नाही.

म्हणजे ज्या बातमीच्या भरवशावर खाला हळद पीत होती, तीच बातमी पुढच्या ओळींत सांगत होती की पोटातून घेतलेल्याचा उपयोग झाला नाही.

असे का व्हावे? आमच्या भागात उजनीच्या पाण्यावर केळीच्या बागा आहेत, त्यामुळे हे समजायला मला वेळ लागला नाही. पाटाने भरपूर पाणी सोडले तरी बरेचसे वाया जाते आणि मुळाशी थोडेच पोचते. ठिबकची नळी टाकली की थेंब थेंब, पण रोज आणि नेमके मुळाशी. कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही. आतड्यातून थोडेच शोषले जाते, आणि जे जाते त्याचे रूप आतडे आणि यकृत लगेच पालटून टाकतात. माणसांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिले, तरी रक्तात ते अगदी थोडे सापडले. हळदीत कर्क्युमिन असते साधारण ३ टक्के. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. खालाच्या दुधात चमचाभर होती. कातडीखालची कांडी म्हणजे ठिबक. पोटाला वळसा घालून ती औषध दिवसेंदिवस थोडे थोडे रक्तात सोडते.

ही युक्ती काही हवेतली नाही. दंडाच्या कातडीखाली बसवायच्या गर्भनिरोधक कांड्या अनेक देशांत वापरात आहेत. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या जागी ठेवायच्या औषधी चकत्यांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. पण हळदीची कांडी आज कुठल्याही दवाखान्यात उपचार म्हणून मिळत नाही.

आम्ही खालाला घेऊन जेऊरहून रेल्वेने कुर्डुवाडीला आणि तिथून एसटीने बार्शीला गेलो. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आपल्या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची देशातली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली, हे मात्र मला तोवर ठाऊक नव्हते. तपासण्या झाल्या. गाठ काखेपर्यंत पोचली होती. आधी केमो, मग शस्त्रक्रिया असे ठरले. केमो चालू असताना इतर औषधांत ढवळाढवळ नको, म्हणून डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या. जेवणातली हळद चालेल म्हणाले.

खालाने मला खुणावले. मी पर्समधून तो कागद काढून डॉक्टरांना दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला. खालाने विचारले, "त्या उंदरांसारखी कांडी मला नाही का घालता येणार?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आजी, उंदरांना ती गाठ व्हायच्या आधी घातली होती. तुमची गाठ आधीच झालेली आहे. ती आता काढावी लागेल."

परतीच्या प्रवासात खिडकीकडे तोंड करून खाला म्हणाली, "तेव्हाच दाखवलं असतं तर?" मला उत्तर देता आले नाही. चार ओळी वाचून उठले ती मीच.

नंतर एकदा मी तिला विचारले, इतके दिवस का लपवलेस? ती म्हणाली, मुलाचा खर्च होईल. आणि परक्या मर्दासमोर पदर कसा बाजूला करायचा? भगिनींनो, ही लाज आपल्या बहुतेक घरांत आहे. पण तपासायला बाई डॉक्टर हवी, असे आपण निःसंकोच सांगू शकतो. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. एका गटाची एचपीव्ही चाचणी फक्त एकदाच केली होती. त्या गटातले या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ साली जाहीर झाले. त्यासुद्धा आपल्यासारख्याच खेड्यांतल्या बायका होत्या.

शस्त्रक्रिया होऊन आता दुसरे वर्ष चालू आहे. अल्लाहच्या मेहेरबानीने खाला घरात हिंडते-फिरते, दर काही महिन्यांनी बार्शीला तपासणीला जाते. डावा हात अजून सुजतो. हळदीचे दूध पिते, पण आवडते म्हणून.

गेल्या महिन्यात शाळेत मातांची सभा होती. मी तोच कागद नेला आणि या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग शेजारी बसलेल्या खालाने स्वतःची हकीकत सांगितली. सभा संपल्यावर एक बाई दाराशी थांबून राहिली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, बार्शीची गाडी किती वाजता असते?"

शनिवारी आम्ही तिघी गेलो.