न्हाणीघराची कडी

बौद्धिक दिव्यांग प्रौढ स्त्रियांना मी शिकवते असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा मुळाक्षरे, मणी ओवणे आणि पणत्या रंगविणे एवढेच उभे राहते; वस्तुतः माझ्या अध्यापनाचा पुष्कळसा काळ न्हाणीघरात व्यतीत झाला असून आंघोळ, दंतधावन, शौचानंतरची शुद्धी, नखे आणि मासिक पाळी हेच माझे पाठ्यविषय होत. यांना कोणी विद्या म्हणत नाही, न म्हणो. परंतु जिला तिशी उलटली तरी आई किंवा वहिनी न्हाऊ घालते, त्या स्त्रीला स्वतःच्या देहाची मुखत्यारी अद्याप मिळालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मुखत्यारीचा विचार आपल्याकडे उशिराच झाला. 1912 च्या कायद्याने बौद्धिक दिव्यांग आणि मनोरुग्ण यांना एकाच दप्तरात बांधून टाकले होते, आणि ती गाठ सुटायला 1987 चा मानसिक आरोग्याचा कायदा यावा लागला. मुंबईत 1944 साली जय वकील शाळा आणि पुण्यात 1964 साली कामायनी निघाली, त्यामुळे मुलांची तजवीज होऊ लागली. पण शाळेचे वय संपलेल्या मुलीने दाखला घेऊन घरी यावे, आणि मग? ज्या थोड्या संस्थांनी हा प्रश्न अंगावर घेतला त्यांतली साधना व्हिलेज ही आमच्या मुळशी तालुक्यात, कोळवणच्या खोऱ्यात आहे, आणि तेथे प्रौढ व्यक्ती घराघरांतून, कुटुंबासारख्या एकत्र राहतात. घर म्हटले की मोरी आली, आणि मोरी आली की माझा विषय आला.

शिकविण्याची आमची रीत काहीशी उफराटी आहे. आंघोळीचे लहान लहान टप्पे पाडायचे, पहिले सारे टप्पे आपण साहाय्य करून पार पाडायचे आणि अखेरचा, म्हणजे ओला पंचा दोरीवर टाकण्याचा, तेवढा तिच्यावर सोपवायचा, म्हणजे काम पुरे केल्याचे समाधान पहिल्याच दिवशी तिच्या पदरात पडते. तो साधला की त्याच्या आधीचा. विसणाची मात्र आम्ही परंपरागत वहिवाट मोडली आहे: कढत पाण्यात गार ओतण्याऐवजी बादलीत आधी गार, मग कढत, आणि तांब्या अंगावर घेण्यापूर्वी हाताची पालथी बाजू पाण्याला लावून पाहायची, कारण पाणी किती कढत आहे याचा अंदाज चुकला तर पोळण्याची शिक्षा तत्काळ होते. हातावर हात धरून साबण फिरवायला शिकवावे, पुढे नुसते मनगट धरावे, मग कोपराला स्पर्श, मग केवळ बोटाने खूण. सर्वांत चिवट मदत शब्दांची! स्पर्श लवकर काढून घेता येतो, पण 'आता पाठ, आता काखा' हे पालुपद एकदा लागले, की ती स्त्री साबण हातात धरून पुढच्या हुकुमाची वाट पाहत बसते. म्हणून आम्ही भिंतीवर चित्रे लावतो आणि तोंड मिटून घेतो.

मुळशीच्या पावसाने या अभ्यासक्रमात स्वतःची भर घातली आहे. आषाढ-श्रावणात येथे दिवसेंदिवस ऊन पडत नाही, पडवीतले कपडे दमट ते दमटच राहतात, आणि काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत नायटे आणि चिखल्या सुरू होतात. त्यामुळे साबणाइतकेच अंग कोरडे करण्याचे शिक्षण महत्त्वाचे ठरते. पायाचे एकेक बोट फाकवून त्यातून पंचाचे टोक ओढायला शिकविणे हे वरवर पाहता हास्यास्पद काम आहे, आणि आम्हीही पुष्कळदा हसतो.

मासिक पाळीविषयी मात्र घरोघर एक विलक्षण मौन आढळते. लाल रंग लावलेली घडी घेऊन, ती बदलणे, कागदात गुंडाळणे आणि हात धुणे यांची तालीम पाळी नसतानाच करावी लागते. या तालमीचे दुसरे प्रयोजन अधिक गंभीर आहे. ज्या स्त्रीच्या वस्त्रांना जन्मभर कोणीही हात लावीत आला, तिला हितकर स्पर्श आणि अनिष्ट स्पर्श यांतला भेद कोणत्या आधारावर कळावा? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अत्याचारापासून संरक्षणाची ग्वाही दिली आहे. परंतु 'नको' म्हणण्याची सवय कायद्याच्या कलमाने लागत नाही, ती रोजच्या आंघोळीत लागते.

राहता राहिली दाराची कडी. आईबापांना ती नको असते, आणि त्यांचे भय निराधार नाही, कारण आमच्या स्त्रियांत फेफऱ्याचा विकार असलेल्या पुष्कळ आहेत. अशा स्त्रीने बैठ्या स्टुलावर बसूनच न्हावे, फरशी खरखरीत असावी आणि कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी सुताराकडून बसवून घ्यावी. ती बसविल्यावर, आत शिरण्यापूर्वी दारावर थाप देऊन उत्तराची वाट पाहण्याचा पाठ घरच्या वडीलधाऱ्यांना द्यावा लागतो, आणि तो त्यांच्या अंगवळणी पडायला त्यांच्या मुलीपेक्षा अधिक दिवस लागतात.